घरगुती एअर प्युरिफायरचा पूर्वेतिहास

एअर प्युरिफायर म्हणजे मुळात एक पंखा आणि एक गाळणी. पंखा खोलीतली हवा ओढून घेतो, गाळणी त्या हवेतले कण धरून ठेवते. यंत्राची सारी मदार गाळणीवर असते, आणि ती घरासाठी जन्मलेली नाही. आग, विषारी वायू आणि अणुभट्टी अशा जागी ती घडत गेली. खोक्यावर छापलेल्या काही आकड्यांचा उगमही तिथेच सापडतो.

स्वच्छ दिसणारी हवा स्वच्छ नसते, हे आयरिश भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी १८७० च्या सुमारास लंडनमध्ये दाखवून दिले. अंधाऱ्या खोलीत तीव्र प्रकाशाचा झोत सोडला की त्यात असंख्य कण तरंगताना दिसत. हवा कापसातून ओढून घेतली की तोच झोत दिसेनासा होई. त्यानंतर टिंडल यांनी आगीचे बंब चालवणाऱ्यांसाठी श्वसनाचा मुखवटा तयार केला. धुरातले कण अडवायला त्यात ग्लिसरिनने ओलावलेला कापूस होता आणि वायू शोषायला लोणारी कोळसा. कण एकाने धरायचे, वायू दुसऱ्याने शोषायचे ही वाटणी दीडशे वर्षांनंतरही तशीच आहे. आजच्या यंत्रांतली कण धरणारी ‘हेपा’ गाळणी वायूला हात लावत नाही. गॅस, रंग, फोडणीचा खकाणा यांच्या वासासाठी सक्रिय कोळशाचा वेगळा थर लागतो, आणि तो पातळ असेल तर लवकरच निकामी होतो.

त्या काळी शहरांतल्या धुरावरचा उपाय मात्र घरात नव्हे, चिमणीपाशी शोधला जात होता. गिरण्यांच्या मुंबईत १९१२ साली धूर-उपद्रवाचा कायदा झाला, तो याच विचाराने.

आजची गाळणी दुसऱ्या महायुद्धातली. जर्मन सैनिकांच्या गॅस मुखवट्यांत एक विलक्षण कागद सापडला: लगद्यात अ‍ॅस्बेस्टॉसचे अतिसूक्ष्म तंतू मिसळलेला. ब्रिटिशांकरवी तो अमेरिकी सैन्याच्या रसायन विभागाकडे आणि नौदलाच्या प्रयोगशाळेकडे पोहोचला. हा कागद घड्या घालून चौकटीत बसवला की थोड्या जागेत मोठे क्षेत्रफळ मिळते आणि हवा फारशी अडत नाही. अणुबॉम्बच्या प्रकल्पात किरणोत्सारी धूळ बाहेर जाऊ नये म्हणून अशाच गाळण्या वापरल्या गेल्या. ‘हेपा’ हे नाव १९६१ मधले.

या गाळणीला चाळणी समजणे ही सर्वांत मोठी गैरसमजूत आहे. तंतूंमधल्या फटी अडवायच्या कणांपेक्षा कितीतरी मोठ्या असतात. जड कण हवेबरोबर वळू शकत नाहीत, म्हणून तंतूवर आदळून चिकटतात. मधल्या आकाराचे तंतूच्या अगदी जवळून जाताना त्याला घासतात. अतिसूक्ष्म कणांना हवेचे रेणू सतत धक्के देतात. ते सरळ न जाता भरकटतात आणि केव्हातरी तंतूला भिडतात. सर्वांत जास्त निसटतात ते या दोन टोकांमधले, सुमारे ०.३ मायक्रॉनचे: आदळण्याइतके जड नाहीत, भरकटण्याइतके हलके नाहीत. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ आयर्विंग लँगम्यूर यांनी युद्धकाळात ही गोष्ट गणिताने मांडली. म्हणून परीक्षा त्याच आकाराच्या कणांवर घेतली जाते आणि त्यांतले ९९.९७ टक्के अडले तर गाळणी हेपा ठरते. त्याहून लहान कण अधिक चांगले अडतात. ‘हेपासारखी’ असे लिहिलेल्या गाळणीमागे अशी परीक्षा असेलच असे नाही.

त्या पहिल्या कागदाची एक दुःखद बाजूही नोंदवायला हवी. अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसाला घातक असतात; तरीही १९५२ ते १९५६ या काळात अमेरिकेतल्या एका सिगारेटच्या फिल्टरमध्ये ते वापरले गेले, आणि तो फिल्टर आरोग्यरक्षक म्हणून विकला गेला. पुढे हवेच्या गाळण्यांत काचतंतूंनी त्यांची जागा घेतली.

घरात हे तंत्र शिरले ते काजळीमुळे. १९६३ साली जर्मनीत हॅम्स बंधूंनी कोळशाच्या शेगड्यांनी काळवंडणाऱ्या भिंतींवर उपाय म्हणून घरगुती गाळणी बाजारात आणली. दम्याच्या रोग्यांना तिचा उपयोग होतो, हे नंतर लक्षात आले. विद्युतभाराने धूळ खेचणारी आणि आयन सोडणारी यंत्रेही आली. त्यांतल्या काहींतून ओझोन बाहेर पडतो, आणि तो श्वसनमार्गाला अपायकारक आहे. कॅलिफोर्नियाने २००७ मध्ये अशा यंत्रांच्या ओझोनवर दशलक्षात ०.०५ भागांची मर्यादा घातली.

गाळणी कितीही चांगली असली तरी तिच्यातून हवा किती जाते, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर म्हणून १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या घरगुती उपकरण उत्पादकांच्या संघटनेने सीएडीआर हे माप आणले: ठरावीक वेळात यंत्र किती स्वच्छ हवा देते. खरेदी करताना हाच आकडा आधी पाहावा.

भारतात ही यंत्रे घरोघरी चर्चेत आली ती दिल्लीमुळे, विशेषतः नोव्हेंबर २०१६ च्या धुरक्यानंतर, जेव्हा तिथल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात मुंबई, पुणे, नागपूर, चंद्रपूर ही शहरेही आहेत. मात्र छापील मापे परदेशी खोल्यांवरून आलेली आहेत. खोलीच्या चौरस फुटांच्या दोन-तृतीयांश इतके घनफूट दर मिनिटाला मिळावेत, हा संघटनेचा ठोकताळा आठ फुटी छत धरून केलेला आहे. १० बाय १२ च्या खोलीला त्याप्रमाणे मिनिटाला ८० घनफूट, म्हणजे तासाला सुमारे १३६ घनमीटर हवा लागते. छत दहा फुटी असेल तर १७०. शिवाय छापलेला सीएडीआर बहुधा पंख्याच्या कमाल गतीचा असतो. आवाज नको म्हणून रात्री मंद गतीवर ठेवलेले यंत्र त्याहून बरीच कमी हवा देते, तेव्हा झोपण्याच्या खोलीसाठी हिशेबापेक्षा मोठे यंत्र घ्यावे लागते.