नवजोत अल्ताफ
(जन्म १९४९). चित्र, शिल्प, मांडणशिल्प व व्हिडिओ या माध्यमांत काम करणाऱ्या भारतीय कलावंत. जन्म मेरठचा, कलाशिक्षण मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात. १९७० च्या दशकात पती, चित्रकार अल्ताफ यांच्यासह त्या डाव्या विचारांच्या ‘प्रोयोम’ या युवक चळवळीत होत्या. ‘लिंक्स डिस्ट्रॉइड अँड रिडिस्कव्हर्ड’ (१९९४) हे मांडणशिल्प मुंबईच्या दंगलींनंतरचे.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्या बस्तरमधील कोंडागावला गेल्या आणि तिथल्या आदिवासी शिल्पकारांना ‘कारागीर’ न मानता सहकलावंत मानून काम करू लागल्या. राजकुमार कोर्राम, शांतीबाई, गेस्सूराम विश्वकर्मा हे त्यांचे प्रमुख सहकारी. या सहकार्यातून उभे राहिलेले ‘नलपार’ म्हणजे हापशांभोवतीच्या जागांची पुनर्रचना. भरलेला हंडा डोक्यावर घेण्यापूर्वी टेकवता यावा म्हणून कोनाडे, वाया जाणाऱ्या पाण्याचा निचरा आणि भिंतींवर स्थानिक चिन्हे. पाणी भरणाऱ्या बायकांच्या शरीरश्रमांचा इतका बारकाईने विचार करणारी सार्वजनिक कला भारतात विरळाच. मुलांसाठी ‘पिला गुडी’ ही एकत्र येण्याची ठिकाणेही बांधली गेली.

फुकुओका (जपान) येथील पहिल्या आशियाई कला त्रैवार्षिकीत (१९९९) त्यांचा सहभाग होता. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात डिसेंबर २०१८ पासून त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले. त्याचे संयोजन नॅन्सी अदजानिया यांनी केले.