इंजिनाची श्वासनलिका : ओतकाम, झाळकाम आणि कल्याणपलीकडील यंत्रनगरी

यंत्रयुगाचा इतिहास लिहिताना इतिहासकाराची दृष्टी बहुधा संपूर्ण यंत्रावर खिळते. त्याच्या सुट्या भागांना स्वतंत्र इतिहास असतो याचे विस्मरण होते. मोटारीच्या इंजिनातील ‘इनटेक मॅनिफोल्ड’ हा असाच एक उपेक्षित भाग होय. बाहेरची हवा, अथवा हवा आणि इंधन यांचे मिश्रण, एका मुखातून घेऊन ते प्रत्येक सिलिंडरला वाटून देणारी ही अनेक शाखांची नळी. इंग्रजी शब्दाची फोडही हेच सांगते : ‘मेनी’ म्हणजे अनेक आणि ‘फोल्ड’ म्हणजे पट. मराठीत तिला ‘श्वासनलिका’ म्हटले, तर अर्थाची हानी होत नाही.

एकसिलिंडरी इंजिनास अशा वाटपाची गरज नव्हती. कार्ल बेंझच्या १८८५ च्या गाडीत एकच सिलिंडर होता. एका कार्ब्युरेटरवर चार सिलिंडर पोसण्याची वेळ आली तेव्हा शाखा फोडणे अपरिहार्य झाले. प्रारंभी या नळीकडे केवळ वाहिनी म्हणून पाहिले जाई. तिची लांबीही शक्तीवर परिणाम करते, हे ज्ञान पुढचे. दट्ट्या खाली जाताना नळीत विरलतेची लहर उठते; ती उघड्या टोकापाशी पोहोचून दाबाची लहर म्हणून परतते; आणि झडप मिटण्यापूर्वी ती पोहोचली, तर सिलिंडरमध्ये अधिक हवा कोंबली जाते. क्रायस्लर कंपनीने १९६० साली आपल्या एका वेगवान गाडीस ३० इंच, म्हणजे सुमारे ७६ सेंटिमीटर लांबीच्या नळ्या बसविल्या, त्या याच तत्त्वावर. एवढे अंतर जाऊन येण्यास ध्वनिलहरीस सुमारे साडेचार सहस्रांश सेकंद लागतात. मिनिटास २८०० फेऱ्यांच्या गतीला तेवढ्या वेळात भुजादंड सुमारे ७५ अंश फिरतो. गती दुप्पट हवी असेल, तर नळी निम्मी करावी लागते. लांब नळी मंद गतीला बळ देते, आखूड नळी शीघ्र गतीला. दोन्ही लाभ एकाच नळीत पदरात पडत नाहीत. आणि म्हणूनच शर्यतीच्या गाडीस कारखान्याची नळी पुरेनाशी होते.

येथे कारागिरीचा प्रश्न उपस्थित होतो. महाराष्ट्रात धातुकामाच्या दोन परंपरा फार पूर्वीपासून भिन्न आहेत. ओतारी साच्यात रस ओततो. तांबट पत्रा ठोकून घडवितो आणि सांधे झाळतो. कारखान्याची नळी पहिल्या परंपरेतील असते, कारण साच्याचा खर्च हजारो नगांवर वाटला जातो. एकाच गाडीसाठी करावयाची नळी मात्र स्वभावतः दुसऱ्या परंपरेत पडते. जाड पत्र्याची बैठक, नळ्यांचे तुकडे, वर पत्र्याची पेटी आणि हे सर्व जोडणारा सांधा, अशी तिची रचना असते.

तथापि ॲल्युमिनियमने तांबटाच्या विद्येपुढे एक अडचण उभी केली. ही धातू सुमारे ६६० अंश सेल्सिअसला वितळते, परंतु तिच्यावर आपोआप चढणारा ऑक्साइडचा थर दोन हजार अंशांच्या पुढे जाईपर्यंत वितळत नाही. त्यामुळे आतील धातू पाणी झाली तरी वरची साय शाबूत राहते आणि सांधा एकजीव होत नाही. पूर्वी यावर गॅसची ज्योत आणि क्षारांचे लेप हाच उपाय होता. अमेरिकेतील रसेल मेरेडिथ याने १९४१ च्या सुमारास विमानांच्या मॅग्नेशियमसाठी टंगस्टनच्या टोकाचे, निष्क्रिय वायूच्या आवरणातील विद्युत्-झाळकाम सिद्ध केले. पुढे प्रत्यावर्ती प्रवाहाच्या योगाने तेच ॲल्युमिनियमलाही लागू झाले, कारण तो प्रवाह ती साय फोडतो. तरीही उष्णतेने बैठक वाकते. यास्तव ती झाळताना जाड पोलादी तक्त्यावर बोल्टांनी आवळून ठेवतात, नंतर यंत्रावर पुन्हा सपाट करतात, आणि आत हवा भरून साबणाच्या पाण्याने गळती तपासतात. गळती राहिली, तर मिश्रणाचे प्रमाण बिघडते आणि इंजिन तापून निकामी होऊ शकते.

या दोन परंपरा आधुनिक रूपात शेजारी शेजारी पाहावयाच्या असल्यास कल्याणपलीकडील पट्टा लक्षणीय ठरतो. अंबरनाथ म्हटले की शके ९८२ (इ. स. १०६०) चा लेख असलेले शिलाहारकालीन शिवमंदिर आठवते. परंतु विसाव्या शतकात येथे प्रथम आगपेट्यांचा वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीचा कारखाना आणि पुढे संरक्षण खात्याचे दोन कारखाने उभे राहिले. त्यांपैकी एक धातुकर्माचा, दुसरा यंत्रसामग्रीचे आद्य नमुने घडविणारा. १ ऑक्टोबर २०२१ रोजी संरक्षण कारखान्यांची पुनर्रचना झाली. तेव्हा पहिला ‘यंत्र इंडिया’कडे गेला, तर दुसरा ‘आर्मर्ड व्हेइकल्स निगम’कडे, म्हणजे आवडीच्या इंजिन कारखान्याच्याच कुटुंबात. घोडे बदलण्याचे ठिकाण ते बदलापूर, ही लोकव्युत्पत्ती शास्त्रीय कसोटीस उतरो वा न उतरो, तेथेही पुढे औद्योगिक वसाहत झाली.

उल्हासनगराची घडण निराळी. महायुद्धकालीन कल्याण छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वसाहतीस आजचे नाव मिळाले. भांडवलाविना आलेल्या समाजाने छोट्या दुकानाचा आणि छोट्या कारखान्याचा मार्ग धरला. येथील मालावरील ‘यू.एस.ए.’ या अक्षरांचा ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा अर्थ लावणारी थट्टा सर्वपरिचित आहे. परंतु थट्टेआड एक सत्य झाकले जाते. समोरची वस्तू उकलून, मापून पुन्हा घडविणे ही नक्कल खरी. पण नवा भाग घडविण्याची पहिली पायरीही हीच. कारखान्याची नळी मापल्यावाचून तिच्याहून चांगली नळी करता येत नाही.

स्वतः नळी घडविण्याचे सर्वांत शिस्तबद्ध उदाहरण याच मध्य रेल्वेवर, विद्याविहारला आढळते. के. जे. सोमय्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी २००६ साली ‘ओरायन रेसिंग इंडिया’ हा संघ स्थापिला. फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धांच्या नियमानुसार पेट्रोल इंजिनाची सर्व हवा २० मिलिमीटर व्यासाच्या एकाच छिद्रातून यावी लागते. त्यातून सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे ७५ ग्रॅम हवाच जाऊ शकते. तेथे प्रवाह ध्वनीचा वेग गाठतो आणि पुढे कितीही ओढ दिली तरी वाढत नाही. अर्थात बाजारची नळी निरुपयोगी ठरते आणि प्रत्येक संघास आपली नळी आपणच योजावी लागते. मर्यादेतून विद्या जन्मते, ती अशी.

सार्वजनिक रस्त्यावर मात्र या कौशल्यास कायद्याची सीमा आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये निर्मात्याने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका दृढ केली. त्यामुळे या विद्येचे खरे क्षेत्र शर्यतीचा बंदिस्त मार्ग आणि विद्यापीठाची कर्मशाळा हेच उरते. त्यातच विजेच्या गाडीला श्वासनलिकाच नसते.

भाषेच्या अभ्यासकास येथे विचार करावयास लावणारी एक गोष्ट दिसते. ओतणे, झाळणे, साचा, कानस हे शब्द मराठीचे. मेस्त्री हा पोर्तुगीजातून आलेला. फ्लँज आणि प्लेनम इंग्रजीतून जसेच्या तसे घेतलेले. कारागिराचा इतिहास त्याच्या शब्दसंग्रहात असा थराथराने साठतो. परंतु मंदिराच्या शिल्पींनी निदान एक शिलालेख मागे ठेवला. एकाच नगाची नळी घडविणारा झाळाऱ्या आराखडाही ठेवीत नाही. त्याची मापे हातात असतात आणि शब्द ओठांवर. इंजिनाचे युग मावळण्यापूर्वी ती मापे आणि ते शब्द टिपून ठेवणे हे इतिहास आणि भाषाशास्त्र या दोन्ही शाखांचे समाईक कर्तव्य होय.