दुसऱ्याच्या मुलाचे वाचन

हीरकमहोत्सवी स्मरणिकेसाठी मंडळाचा इतिहास लिहा, असे चिटणीसबाईंनी मला दोनदा सांगितले. परंतु मंडळाचा इतिहास त्यांच्याच इतिवृत्तांच्या वह्यांत आहे व तो त्याच अधिक चांगला लिहितील. मी २०२० सालापासून दर आठवड्यास मोबाईलसमोर बसून वस्तीतील लहान मुलांचे वाचन ऐकत आले आहे. त्या कामात माझ्या हातून एक चूक झाली व तिने मला मागची पुस्तके चाळावयास लावले. त्यांत जे सापडले ते येथे मांडते. चूकही सांगणार आहे. परंतु ती तिच्या जागी.

कै. ताराबाई मोडकांचे नाव आपणां भगिनींना ठाऊक आहेच. भावनगरास गिजुभाई बधेकांच्या बरोबर बालशिक्षणाचे काम केल्यावर १९४५ साली त्यांनी बोर्डीस, त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात, ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी ती उघडली त्या गरीब वस्तीतील मुले काही येईनात. मोठ्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड असे, कोणाला घरचे काम असे. आपण असतो तर दोन वेळा निरोप धाडून गप्प बसलो असतो. ताराबाईंनी बालवाडीच उचलली आणि वस्तीतील अंगणात नेऊन मांडली. हीच अंगणवाडी. पुढे १९५७ साली संस्था कोसबाडच्या टेकडीवर गेली, तेव्हा गुरे राखणाऱ्या मुलांकरिता कुरणशाळा निघाली. म्हणजे गुरे जेथे चरत तेथे शाळा. १९७५ साली सरकारी योजनेत अंगणवाडी हा शब्द घेतला गेला व तो देशभर झाला. आज तो शब्द उच्चारताना ते अंगण मुलाचे होते, बाईंचे नव्हते, हे आपल्या मनात क्वचितच येते.

दुसरे नाव फलटणचे. मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकन, भाषाशास्त्राच्या अभ्यासक. मराठीच्या अभ्यासासाठी त्या फलटणला राहिल्या, तेथल्याच झाल्या आणि १९७८ साली त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले. गाव त्यांना मॅक्सीनमावशी म्हणू लागले. शाळेत नाव आहे, हजेरी आहे, पण वाचता येत नाही, अशी दलित वस्तीतील मुले त्यांना दिसली व त्यांनी त्यांना वाचावयास शिकविण्यास प्रारंभ केला. त्यातूनच १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली आणि पुढे कमला निंबकर बालभवन ही शाळा. या शाळेचे नाव पुन्हा एकदा येणार आहे, म्हणून लक्षात ठेवावे.

मुंबईत १९९४-९५च्या सुमारास 'प्रथम' ही संस्था सुरू झाली. माधव चव्हाण व फरीदा लांबे यांनी वस्त्यांतील तरुण मुलींनाच हाताशी धरून देवळात, कोणाच्या घरात, मिळेल त्या जागेत बालवाड्या भरविल्या. त्या मुली फार शिकलेल्या नव्हत्या. पण मुलांच्या गल्लीतल्या होत्या. पुढे याच संस्थेने उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात गावोगावच्या स्वयंसेवकांकडून वाचनवर्ग चालविले. त्यांची परीक्षा अर्थशास्त्रज्ञांनी घेतली. अभिजित बॅनर्जी व एस्तर डफ्लो त्यांत होते, ज्यांना २०१९ साली नोबेल मिळाले. ज्या मुलाला एक अक्षर ओळखता येत नव्हते ते वर्गाला आले तर अक्षरे वाचू लागले. म्हणजे स्वयंसेवकाचे काम फुकट जात नाही, हे ठरले. परंतु त्या गावांतील शंभर मुलांमागे आठच्या सुमारास मुले वर्गाला आली. हा आकडा वाचून मी पुस्तक मिटले व बराच वेळ तशीच बसून राहिले.

आता यंत्राची गोष्ट. सुगत मित्रा यांनी १९९९ साली दिल्लीत काळकाजीला भिंतीत संगणक बसवून तो झोपडपट्टीतील मुलांना मोकळा ठेवला, हे पुष्कळांनी वाचले असेल. पुढे ते इंग्लंडात न्यूकॅसलला प्राध्यापक झाले. संगणकावरून दूरच्या माणसाशी समोरासमोर बोलता येते, त्याचा तुम्हांला काय उपयोग हवा, असे त्यांनी हैदराबादच्या मुलांना विचारले. मुले म्हणाली, विलायतेच्या आजीबाईंनी आम्हांला परीकथा वाचून दाखवाव्यात! २००९ साली इंग्लंडच्या वृत्तपत्रातून हाक गेली व आठवड्यातून एक तास देणाऱ्या आजीबाई पुढे आल्या. सगळ्याच आजी नव्हत्या, सगळ्या बायकाही नव्हत्या, पण नाव आजींचेच पडले. या कामाची जुळवाजुळव सुनीता कुलकर्णी यांनी केली. २०१३ साली मित्रांना मोठे पारितोषिक मिळाले व त्यातून ज्या मोजक्या जागी खोल्या उभारल्या गेल्या त्यांत फलटणचे कमला निंबकर बालभवन होते. फलटणला सकाळचे अकरा वाजतात तेव्हा इंग्लंडात हिवाळ्यात पहाटेचे साडेपाच असतात. फलटणच्या मुलांना त्यांच्या वेळेला गोष्ट सांगावयाची तर तिकडच्या आजीबाईंना अंधारात उठणे भाग.

हे सारे मी आधी वाचावयास हवे होते.

मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या. पहिली ते चौथीचे वर्ग आपल्याकडे बहुतेक ठिकाणी डिसेंबर २०२१ उजाडेपर्यंत उघडले नाहीत. त्या पावसाळ्यात मंडळाने नाल्यापलीकडच्या वस्तीतील मुलांसाठी मोबाईलवरून वाचन सुरू केले हे आपण जाणताच. माझ्या वाट्यास दुसरीतली एक मुलगी आली. गुरुवारी सकाळी अकराची वेळ मीच ठरविली. पूजा, स्वयंपाक आटोपलेला असतो.

पहिल्याच दिवशी तिने धडा घडाघडा म्हटला. मी खूष! तिसऱ्या खेपेस ध्यानात आले की तिला तो पाठ आहे. मोबाईलवर एक तर मुलाचा चेहरा दिसतो, नाही तर पुस्तकाचे पान. बोट कोणत्या शब्दावर आहे ते दिसत नाही. मग मी तिला खराट्याची काडी घ्यावयास सांगितली. मोबाईल पानाकडे वळवावयाचा आणि काडी शब्दाखाली धरावयाची. काडी आली आणि घडाघडा थांबले. 'ध' आणि 'घ' एक, 'भ' आणि 'म' एक. ऱ्हस्व वेलांटीने तर तिला फार छळले; आधी लिहितात आणि मागून उच्चारतात, हा अन्याय तिला पटेना. मलाही तो त्या दिवशी प्रथमच जाणवला. सात आठवड्यांत ती तीन शब्दांचे वाक्य काडीने वाचू लागली.

आणि मग फोन उचलला जाईना. तीन गुरुवार मी वहीत 'गैरहजर' लिहिले. चौथ्या आठवड्यात मंडळाच्या सभेत म्हणालेही, "आईबापांनाच गोडी नाही, आपण काय करणार?" हे वाक्य इतिवृत्तात आहे, चिटणीसबाईंनी ते गाळू नये.

पुढे नाक्यावर तिची आई भाजी विकताना भेटली. मी जरा रागानेच विचारले.

"बाई, फोन ह्यांच्याजवळ असतो," ती म्हणाली. "रिक्षा सुरू झाली ना. सकाळी जातात ते रात्री आठला येतात."

"अगं, मग मला सांगायचं नाही का?"

"कशावरून सांगू? फोनच नाही. पोरगी अकराला पुस्तक आन् काडी घेऊन दाराशी बसते."

२०२१च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भागातील आकडा आहे: शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, परंतु अशा घरांतल्याही २६.१ टक्के मुलांच्या हाती तो मुळीच येत नव्हता. आमची वस्ती शहरातली, पण तेथेही निराळे काय होते? मी माझ्या अंगणात बसून तिची वाट पाहत होते.

वेळ रात्री साडेआठची केली. आमच्याकडे ती जेवणाची वेळ. ह्यांनी दोन आठवडे कुरकुर केली, मग स्वतःच पाने घेऊ लागले. ती मुलगी यंदा सातवीत आहे व तिचा धाकटा भाऊ माझ्याकडे वाचतो. काडी तीच आहे असे तो सांगतो, मला ते खरे वाटत नाही.

वहीतला वेळेचा रकाना आता मी कोरा ठेवते आणि मुलाच्या घरी विचारून भरते. सध्या रात्री आठ ते साडेनऊ या वेळेत पाच मुले आहेत व आम्ही दोघीच आहोत. वही मंडळाच्या कपाटात, वरच्या कप्प्यात असते.