सातासमुद्रापलीकडचा दवाखाना

अमेरिकेतील उत्तर कॅरोलिना राज्याच्या पश्चिम भागात, ॲपलाशियन डोंगरांच्या कुशीत, पिजन नदीच्या काठी कँटन नावाचे एक लहानसे गाव आहे. १९०८ साली तेथे कागदाची गिरणी सुरू झाली आणि २०२३ साली ती बंद पडेपर्यंत त्या गावाचा दिवस गिरणीच्या भोंग्यावर उगवत आणि मावळत असे. २००६ सालच्या उन्हाळ्यात या गिरणीतील एका जुन्या कामगाराने दिल्लीस जाण्याची सिद्धता केली. शस्त्रक्रिया दिल्लीच्या रुग्णालयात करून घ्यावी, प्रवासाचा खर्च गिरणीने सोसावा आणि जी बचत होईल तिचा काही वाटा कामगाराच्या हाती पडावा, असे ठरले होते. प्रस्थानाचा दिवसही मुक्रर झाला होता. पण हा प्रवास घडला नाही. कामगारांच्या संघटनेनेच तो थांबविला. एका माणसाच्या दुखण्याचा प्रश्न गावाची वेस ओलांडून परदेशी कसा गेला, आणि ज्यांनी कामगाराचे हित पाहावयाचे त्यांनी त्याची वाट का अडविली, हे समजून घेण्यास पाऊणशे वर्षे मागे जावे लागते.

१९२९ साली टेक्सास राज्यातील डॅलस शहरात बेलर विद्यापीठाचे रुग्णालय थकलेल्या बिलांच्या ओझ्याखाली वाकले होते. त्याचा कारभार पाहणारे जस्टिन फोर्ड किंबल हे पूर्वी त्याच शहरातील शाळांचे अधीक्षक होते. शिक्षकांची मिळकत आणि त्यांची ओढाताण या दोहोंची त्यांना माहिती होती. प्रत्येक शिक्षकाने दरमहा ५० सेंट भरावे आणि गरज पडल्यास त्यास २१ दिवस रुग्णालयात राहण्याची सोय मिळावी, अशी साधी योजना त्यांनी आखली. पुढे देशभर पसरलेल्या रुग्णालय-विम्याचे बीज या योजनेत होते. त्यानंतर चार वर्षांनी, १९३३ साली, कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात डॉक्टर सिडनी गारफील्ड यांनी एक छोटे रुग्णालय उभारले. कोलोरॅडो नदीचे पाणी लॉस एंजेलिसकडे नेणाऱ्या कालव्यावर हजारो मजूर राबत होते. प्रत्येक मजुरामागे दिवसाला ५ सेंट आगाऊ मिळू लागले आणि त्या पैशांवर हे रुग्णालय तगले. या दोन्ही योजनांत एक गोष्ट समान होती. उपचार कामगाराच्या हाकेच्या अंतरावर होते. वाळवंटात तर दवाखानाच त्याच्या दारी चालून आला होता.

या व्यवस्थेला खरी बळकटी आली ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. महागाई आवरण्यासाठी अमेरिकन काँग्रेसने ऑक्टोबर १९४२ मध्ये कायदा करून वेतनवाढीवर नियंत्रण आणले. मात्र विमा आणि निवृत्तिवेतन यांसारखे वाजवी लाभ त्यातून वगळले. तरुण मंडळी युद्धावर गेलेली, कारखान्यांना माणसे मिळेनात आणि पगार तर वाढविता येईना. तेव्हा मालकांनी आरोग्यविम्याचे आमिष दाखविण्यास आरंभ केला. १९५४ च्या करसंहितेने मालकाने भरलेला हा हप्ता कामगाराच्या करपात्र उत्पन्नात धरू नये, हे निश्चित केले. युद्धकाळात तात्पुरती म्हणून काढलेली पळवाट अशा रीतीने राजमार्ग झाली आणि अमेरिकन माणसाचे औषधपाणी त्याच्या नोकरीला कायमचे बांधले गेले.

त्याच युद्धकाळात हिंदुस्थानात निराळी वाट आखली जात होती. १९४३ साली प्राध्यापक बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना तयार करण्याचे काम सोपविण्यात आले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखाते तेव्हा डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. आडारकरांचा अहवाल १९४४ साली सादर झाला, १९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर येथे योजनेचा प्रारंभ झाला. मालक आणि कामगार या दोघांची वर्गणी कायद्याने ठरली. दवाखान्यातील रांगा आणि औषधांचा तुटवडा यांच्या तक्रारी या योजनेच्याही वाट्यास आल्या. परंतु कोणता लाभ द्यावा हे एकेका मालकाच्या मर्जीवर राहिले नाही. अमेरिकेत ते बव्हंशी राहिले, आणि कँटनच्या कथेचे मूळ तेथे आहे.

उपचारांचा खर्च जोवर बेताचा होता तोवर मालकांना हा भार जाणवला नाही. १९७४ च्या एका केंद्रीय कायद्यानंतर अनेक मोठ्या कंपन्यांनी विमा कंपनीवर न विसंबता कामगारांच्या उपचारांचा खर्च स्वतःच्या तिजोरीतून देण्याचा मार्ग पत्करला. याचा अर्थ असा की, कामगारावरील शस्त्रक्रिया स्वस्तात झाली तर वाचलेला प्रत्येक डॉलर कंपनीचा. २००६ पर्यंत अमेरिकेच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा सुमारे सहावा हिस्सा आरोग्यावर खर्च होऊ लागला होता. याच काळात आशियात आधुनिक खाजगी रुग्णालये उभी राहत होती आणि अमेरिकन प्रमाणन संस्थेची आंतरराष्ट्रीय शाखा त्यांची पाहणी करून मान्यतापत्रे देत होती. बँकॉकच्या बुमरुंग्राद रुग्णालयास ही मान्यता २००२ साली मिळाली, दिल्लीच्या इंद्रप्रस्थ अपोलोस २००५ साली. विमा नसलेल्या एका अमेरिकन रुग्णास २००४ साली हृदयाच्या झडपेच्या शस्त्रक्रियेसाठी मायदेशी सुमारे २ लक्ष डॉलर खर्चाचा अंदाज मिळाला होता. दिल्लीत तीच शस्त्रक्रिया प्रवासासह सुमारे १० हजार डॉलरमध्ये झाली. २७ जून २००६ रोजी अमेरिकन सिनेटच्या वृद्धकल्याणविषयक विशेष समितीने या विषयावर सुनावणी घेतली, तेव्हा ही हकीकत समितीपुढे आली.

त्याच वर्षी वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या विधिमंडळात एक विधेयक मांडले गेले. जो सरकारी नोकर परदेशातील मान्यताप्राप्त रुग्णालयात उपचार घेईल त्यास व त्याच्या सोबत्यास विमानाचे भाडे मिळावे, आजारपणाची जादा रजा मिळावी आणि झालेल्या बचतीचा पाचवा हिस्सा रोख मिळावा, अशी त्यात तरतूद होती. हे विधेयक संमत झाले नाही. तथापि सरकारी नोकराच्या दुखण्यावर बक्षीस लावण्याची कल्पना कायद्याच्या भाषेत एकदा लिहिली गेली, हे विसरता येत नाही.

कँटनच्या गिरणीचा इतिहास या संदर्भात विशेष बोलका आहे. १९९९ साली जुन्या मालकाने गिरणी विकावयास काढली तेव्हा कामगारांनी वेतनात कपात सोसून तिच्या मालकीचा काही भाग स्वतःकडे घेतला. गिरणी वाचली, पण औषधोपचारांचा वाढता खर्च आता काही अंशी त्यांच्याच कंपनीच्या मुळावर येऊ लागला. दिल्लीच्या प्रवासाची कल्पना या अडचणीतून निघाली. जाण्याची सक्ती कोणावर नव्हती, आणि तयार झालेला कामगार आपल्या खुशीने तयार झाला होता.

पोलाद कामगारांच्या संघटनेचे अध्यक्ष लिओ जेरार्ड यांनी मात्र काँग्रेसच्या समित्यांना पत्रे धाडली. त्यांचे आक्षेप दुहेरी होते. आज जे ऐच्छिक आहे ते उद्या सक्तीचे होईल, हा पहिला. जो स्वदेशी उपचार घेईल त्याच्याकडून अधिक पैसे आणि जो परदेशी जाईल त्यास बक्षीस, असा भेद एकदा रूढ झाला की गरजू माणसाची इच्छा कितपत स्वतंत्र राहते? दुसरा आक्षेप दादेचा होता. शस्त्रक्रिया बिघडली तर कँटनच्या कामगाराने दाद कोठे मागावी? भारतात कायदा नव्हता असे नव्हे; वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते, असा निर्णय भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच दिला होता. परंतु आजारी माणसाने उत्तर कॅरोलिनातून येऊन दिल्लीत खटला चालवावा, ही गोष्ट कागदावर जेवढी सोपी तेवढीच व्यवहारात दुष्कर. सप्टेंबर २००६ मध्ये गिरणीने बेत रहित केला. संघटनेचा विजय झाला. तो कामगार मात्र निराश झाला. त्याला जावयाचे होते.

यानंतर या कल्पनेने जे वळण घेतले ते कोणाच्याच अपेक्षेप्रमाणे नव्हते. २००८ साली मेन राज्यातील हॅनाफर्ड या किराणा दुकानांच्या कंपनीने आपल्या नोकरांना खुबा आणि गुडघा बदलून घेण्यासाठी सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठ रुग्णालयात जाण्याचा पर्याय देऊ केला. नोकराचा स्वतःचा वाटा माफ आणि सोबत्यासह प्रवास कंपनीच्या खर्चाने, असे त्याचे स्वरूप होते. सिंगापूरला कोणीही गेले नाही. पण वार्ता पसरताच अमेरिकेतीलच काही रुग्णालये कंपनीकडे आली आणि दर उतरविण्यास तयार झाली. सिंगापूरचे विमान धावपट्टीवर उभेच राहिले. त्याच्या सावलीने भाव मात्र खाली आला.

त्याच साली जून महिन्यात अमेरिकन वैद्यक संघटनेने या प्रवासांसंबंधी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. परदेशगमन ऐच्छिक असावे, पैशाच्या आमिषाने रुग्णाचे इतर मार्ग अनुचित रीतीने बंद होऊ नयेत, परतल्यावर पुढील उपचारांची सोय आधीच ठरलेली असावी, आणि दाद मागण्याचे आपले हक्क कोणते हे निघण्यापूर्वी रुग्णास कळावे, अशी ती तत्त्वे होती. कामगार संघटनेच्या भीतीला येथे डॉक्टरांच्या भाषेत उत्तर मिळाले. वॉलमार्टने २०१३ पासून हृदयाच्या आणि मणक्याच्या शस्त्रक्रियांसाठी आपल्या नोकरांना देशातीलच सहा निवडक रुग्णालयांत स्वखर्चाने पाठविण्यास आरंभ केला. प्रवास उरला, सीमा गळून पडली. युटा राज्याने २०१८ नंतर महागडी औषधे घेणाऱ्या आपल्या कर्मचाऱ्यांस सॅन डिएगोमार्गे मेक्सिकोतील तिहुआना येथे औषध आणण्यास पाठविले आणि प्रत्येक फेरीस ५०० डॉलरपर्यंत रक्कम देऊ केली. २०१९ साली तर अमेरिकन शल्यविशारदाने मेक्सिकोतील कानकूनला जाऊन अमेरिकन रुग्णाचा गुडघा बदलल्याची हकीकत प्रसिद्ध झाली. डॉक्टर अमेरिकेचा, रुग्ण अमेरिकेचा, पैसाही अमेरिकेचा. परकी होती ती केवळ शस्त्रक्रियेची खोली, आणि तेवढ्यानेच खर्च उतरला. महागाईचे मूळ वैद्याच्या हातात होते की रुग्णालयाच्या हिशेबवहीत, याचा उलगडा या एका उदाहरणावरून पुष्कळसा होतो.

उपचारांसाठी दूर जाणे माणसाला नवे नाही. वाई-मिरजेच्या वैद्य-डॉक्टरांकडे गावोगावचे रोगी बैलगाडीतून येत, ते आपल्या गरजेने आणि विश्वासाने. नवीन आहे ते हे की, येथे वाट दाखविणाराच पैसे देणारा आहे आणि रुग्ण दूर गेल्याने त्याचा लाभ होणार आहे. अशा ठिकाणी ‘पर्याय’ या शब्दाची पारख करताना दोन प्रश्न पुरेसे होतात: नाकारणाऱ्याचे काही बिघडते काय, आणि काही विपरीत घडल्यास उत्तर देणारा माणूस रुग्णाच्या आवाक्यात आहे काय. कँटनच्या कामगाराची इच्छा खोटी नव्हती आणि संघटनेची भीतीही निराधार नव्हती. या दोन प्रश्नांची उत्तरे देणारी व्यवस्था त्या वेळी कोणापाशीच नव्हती. म्हणून दोघांपैकी एकाला निराश होणे भाग पडले. आणि तो नेमका आजारी माणूस होता.