महाजालावरील पान : आशय आणि वेष

आमच्या संग्रहीं सन २००० च्या सुमारास एका संकेतस्थळावरून उतरवून ठेवलेलें एका मराठी लेखाचें पान आहे. परवां तें उघडलें, तों सर्व पानभर रोमन अक्षरें व विरामचिन्हें यांची अर्थहीन खिचडी! लेख गहाळ झालेला नाहीं, त्यांतील एक अक्षरही झिजलेलें नाहीं. तथापि तो वाचतां मात्र येत नाहीं. शंभर वर्षांपूर्वीं खिळ्यांनीं छापलेला ग्रंथ कसर लागूनही वाचतां यावा आणि पंचवीस वर्षांचा हा लेख मुका व्हावा, हें कसें? याचें उत्तर शोधूं जातां महाजालावरील पानांचा सारा इतिहासच पाहावा लागतो.

या इतिहासाचा आरंभ १९८९ च्या मार्च महिन्यांत, जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत झाला. तेथें देशोदेशींचे शास्त्रज्ञ येत, निरनिराळ्या यंत्रांवर काम करीत, आणि एकाच्या नोंदी दुसऱ्यास सांपडत नसत. ही अडचण दूर करण्यासाठीं टिम बर्नर्स-ली यांनीं आपल्या वरिष्ठांपुढें एक टिपण ठेविलें. एका कागदांतील शब्दावरून दुसऱ्या कागदाकडे थेट जातां यावें, मग तो कागद कोणत्याही यंत्रावर असो, ही त्यांतील मुख्य कल्पना. १९९० च्या अखेरीस पहिला ब्राउझर चालूं लागला. ऑगस्ट १९९१ मध्यें त्याची वार्ता संस्थेबाहेर गेली. आणि ३० एप्रिल १९९३ रोजीं सर्ननें ही विद्या यत्किंचितही मोबदला न घेतां सर्वांस खुली केली.

या पानांसाठीं बर्नर्स-ली यांनीं योजिलेली एचटीएमएल ही खूणभाषा अगदीं साधी होती. हें शीर्षक, हा परिच्छेद, हा दुवा, एवढेंच ती सांगे. शीर्षक किती मोठें दिसावें, ओळ कोठें मोडावी, हें वाचकाच्या यंत्रानें आपापल्या शक्तीप्रमाणें ठरवावें. आशय लेखकाचा, वेष यंत्राचा, अशी ही विभागणी होती; आणि पुढील सर्व कलह या एका विभागणीवरून माजले, असें आमचें मत आहे.

१९९३ सालीं इलिनॉय विद्यापीठांत मार्क अँड्रीसन व एरिक बिना यांनीं मोझेक हा ब्राउझर सिद्ध केला. त्यांत मजकुराशेजारींच चित्र दिसूं लागलें आणि सामान्य जनांची दृष्टि महाजालाकडे वळली. दुकानदार आले, जाहिरातदार आले, आणि छापील मासिकासारखीं नटवीं पानें हवीं झालीं. परंतु खूणभाषेपाशीं तशी सामग्री कोठें होती? तेव्हां कारागिरांनीं आंकडे मांडण्याचीं कोष्टकें घेतलीं, त्यांच्या रेघा लपविल्या, आणि त्यांच्या खणांत मजकूर व चित्रें बसविलीं. खण हवा तेवढा रुंद राहावा म्हणून एका टिंबाएवढें पारदर्शक चित्र ताणून त्यांत पाचरीसारखें ठोकीत. पान सुंदर दिसे. पण त्यांतील मथळा कोणता आणि जाहिरात कोणती हें यंत्रास कळेनासें झालें. यंत्राच्या वाचेनें पान ऐकणाऱ्या अंध वाचकाचे हाल तर विचारूंच नयेत.

यावरील उपाय सर्नमध्येंच काम करणाऱ्या होकून विउम ली यांनीं ऑक्टोबर १९९४ मध्यें सुचविला. आशय एका जागीं ठेवावा आणि वेषाचे नियम निराळ्या कागदावर लिहावे, हाच तो उपाय. पुढें बर्ट बॉस हे त्यांस मिळाले व डिसेंबर १९९६ मध्यें सीएसएसची पहिली आवृत्ति प्रमाण ठरली. तथापि नेटस्केप व इंटरनेट एक्स्प्लोरर यांचें युद्ध त्या वेळीं ऐन रंगांत होतें. तेच नियम दोघे दोन तऱ्हांनीं पाळीत. युद्ध जिंकल्यावर एक्स्प्लोररची सहावी आवृत्ति २००१ सालीं निघाली आणि सातवी येण्यास पांच वर्षें लागलीं. अशा काळांत, २००३ सालीं, डेव्ह शे यांनीं ‘सीएसएस झेन गार्डन’ हें संकेतस्थळ उघडलें. मजकूर एकच, त्यास निरनिराळे कलावंत केवळ वेषाचा कागद बदलून निरनिराळें रूप देत. वादविवादानें जें पटलें नव्हतें तें या प्रात्यक्षिकानें अनेकांस पटलें.

दुसरा मार्ग फ्लॅशचा. तो १९९६ पासून रूढ झाला. शिळाछापाचें पान जसें दगडावरील एकसंध चित्र, तसें हें पान म्हणजे एक पेटीबंद हलतें चित्र. त्याचे नेत्रदीपक खेळ आम्हीही कौतुकानें पाहिले आहेत. परंतु ही पेटी उघडण्याची किल्ली एकाच कंपनीच्या हातीं होती. २००७ सालीं आलेल्या आयफोननें ती कधींच स्वीकारली नाहीं, आणि ३१ डिसेंबर २०२० नंतर कंपनीनेंही तिचा सांभाळ सोडला. किती तरी चित्रकारांची कृति अशा रीतीनें कुलुपांत राहिली.

लहान पडद्याचा फोन येतांच ठराविक रुंदीचीं पानेंही अडचणींत आलीं. २०१० सालीं ईथन मार्कॉट यांनीं पडद्याप्रमाणें आपली मांडणी बदलणाऱ्या पानाची रीत सांगितली. गंमत अशी कीं, बर्नर्स-ली यांचें अगदीं पहिलें पान फोनवर आपोआप नीट बसतें. कारण त्यानें रुंदीचा हट्ट कधीं धरलाच नव्हता.

आतां आमच्या मुक्या पानाकडे वळूं. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें भारतांत सामान्य जनांस इंटरनेट खुलें केलें. मराठी पत्रें महाजालावर येऊं लागलीं, पण देवनागरी दाखविण्याची सोय सामान्य यंत्रांत नव्हती. म्हणून पत्रें आपापला फाँट बाळगीत: रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरी आकृति बसवीत. पोटांत साठविलेलें अक्षर रोमन, वर वेष तेवढा मराठी. आमच्या पानांत त्या फाँटाचें नांव लिहिलेलें आहे. फाँट मात्र नाहीं. वेष उतरला आणि खालीं आशय सांपडेना.

वस्तुतः १९९१ च्या युनिकोडांत देवनागरीच्या प्रत्येक वर्णास स्वतःचा अंक मिळाला होता. परंतु जोडाक्षरें नीट जुळविणारीं यंत्रें घरोघर येण्यास आणखी दहा-एक वर्षें गेलीं. आजही ‘दुसऱ्या’ या शब्दांतील र दोन प्रकारें साठवितां येतो. दिसतो एकच, पण एकानें शोधल्यास दुसरा सांपडेलच असें नाहीं.

जुन्या तबकडींतून तो फाँट मिळवून आम्हीं अखेर तो लेख वाचला. लेख सामान्यच होता. तरी तो वाचतां आला याचा आनंद मोठा होता. हल्लीं पुष्कळ पानें अशीं निघतात कीं, जावास्क्रिप्टची आज्ञावली चालल्यावांचून त्यांत एक ओळही दिसत नाहीं. तीं वेगवान असतील, मोहकही असतील. पण ज्यांस आपलें लेखन नातवंडांनीं वाचावें असें वाटतें, त्यांनीं वेष उतरवून आपलें पान एकदां पाहावें. त्या स्थितींत तें वाचतां आलें, तर तें टिकेल.