२५ चे २८.५: एका आकड्यानं हललेला ट्रकचा बाजार

आजचा भाग ट्रकचा. नेहमीप्रमाणे ज्यांना कानात इअरफोन घालायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. बोलताना जे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' पन्नास वेळा आले ते काढलेत, बाकी तसंच.

तारीख आहे १६ जुलै २०१८. त्या दिवशी केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं एक अधिसूचना काढली. ट्रकच्या एक्सलवर किती वजन टाकायचं याची मर्यादा १९८३ पासून तीच होती, ती वाढवली. आपण हायवेवर बघतो तो दहा टायरचा ट्रक मालासकट २५ टनांपर्यंत चालायचा, तो आता २८.५ टनांपर्यंत कायदेशीर झाला. मोठा ट्रेलर ४९ वरून ५५ टनांवर गेला. कारण सरळ होतं: रस्ते सुधारलेत, गाड्या दणकट झाल्यात, एका फेरीत जास्त माल गेला की वाहतूक स्वस्त पडेल. नितीन गडकरी तेव्हा खात्याचे मंत्री होते.

चारच दिवसांनी, २० जुलैला, देशभरातल्या ट्रान्सपोर्टवाल्यांचा संप सुरू झाला. डिझेलचे भाव, टोल, विम्याचे हप्ते. आठ दिवस चालला. सगळ्या बातम्या संपाच्या होत्या, आणि एक्सलचा आकडा आतल्या पानात राहून गेला.

आता विक्रीचे आकडे बघा. २०१८-१९ मध्ये भारतात ट्रक, टेम्पो, बस अशी सगळी व्यावसायिक वाहनं मिळून १०.०७ लाख खपली. दहा लाखांचा टप्पा पहिल्यांदाच पार झाला होता. २०१९-२० मध्ये ती ७.१८ लाख झाली आणि २०२०-२१ मध्ये ५.६९ लाख. त्यातली फक्त मध्यम आणि जड वाहनं काढली तर चित्र जास्त भयानक आहे: ३.९० लाखांवरून आधी २.२५ लाख, मग १.६१ लाख. दोन वर्षांत निम्म्याहूनही कमी.

लगेच कुणीतरी म्हणेल, 'अरे कोविड होता ना.' होता. पण लॉकडाऊन लागला मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यात. पहिली, मोठी पडझड झाली त्या वर्षातले साडेअकरा महिने लॉकडाऊनशिवायचे होते.

मी कॉम्प्युटरवाला माणूस, मला गाडीच्या पोटातलं फारसं कळत नाही. पण हे गणित साधं आहे. दहा टायरच्या ट्रकचं रिकामं वजन नऊ टन धरा. आधी त्यात १६ टन माल जायचा, आता साडेएकोणीस. म्हणजे १०० ट्रक जो माल नेत होते तो आता ८२ ट्रक नेऊ शकतात. (जुन्या गाड्यांनाही हे लागू की फक्त नव्या, यावर पुढं काही महिने गोंधळ चालला, पण नव्या गाडीचं गणित तर बदललंच.)

खरी गंमत पुढं आहे. उदाहरणादाखल समजा, देशात १०० ट्रक आहेत. दरवर्षी १० जुने भंगारात जातात, आणि माल ७ टक्क्यांनी वाढतो म्हणून ७ जास्तीचे लागतात. कारखान्याला ऑर्डर १७ ची. आता एका वर्षी माल वाढलाच नाही, तर ऑर्डर १० ची. मालाची वाढ फक्त थांबली, माल कमी झालेला नाही. तरी कारखान्याची ऑर्डर चाळीस टक्क्यांनी पडली! त्यात १८ ट्रक जास्तीचे ठरले तर त्या वर्षी नवा ट्रक घ्यायचं कुणाला कारणच नाही. साबण किंवा मोबाईलचा बाजार असा कोसळत नाही. ट्रकचा कोसळतो, आणि तितक्याच वेगानं उसळतोही.

आकडा एकटा गुन्हेगार नव्हता. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएलअँडएफएस बुडाली आणि गाड्यांना कर्ज देणाऱ्या फायनान्स कंपन्यांकडचा पैसा आटला. ट्रक रोखीनं घेतो कोण? सगळं हप्त्यावर. वर अर्थव्यवस्थाही मंदावली. पण एकाच वेळी मालवाहतुकीची क्षमता वाढवायची आणि माल थांबायचा, हा योग वाईट होता.

मी भोसरीत वाढलो. माझा मामा तिथल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये सीएनसी मशिनवर होता. ट्रकच्या गिअरबॉक्समध्ये बसणारा एक भाग, दिवसभर तोच. २०१९ च्या गणपतीच्या आसपास ओव्हरटाइम बंद झाला, मग आठवड्याला चारच दिवस काम. मामी म्हणायची, 'बाजारात गाड्या तर दिसतायत की रस्त्यावर, मग काम कसं नाही?' अगदी बरोबर प्रश्न होता. रस्त्यावरच्या गाड्या दिसत होत्या म्हणूनच काम नव्हतं. मोठ्या कारखान्यात काही दिवस लाइन बंद ठेवली की कायम कामगाराला काहीतरी मिळतं. कंत्राटी मुलगा आणि त्याच्या खालच्या वर्कशॉपमधला मामा यांचं मीटर तिथंच थांबतं.

आता थोडं मागं जाऊ, कारण हे पहिल्यांदा झालेलं नाही. आपल्याकडे कुठला ट्रक बनेल आणि किती बनतील, हे बाजारापेक्षा दिल्लीतल्या कागदावर जास्त ठरत आलंय.

सुरुवात आपल्या मुंबईतच झाली. १९२८ साली जनरल मोटर्सनं शिवडीला कारखाना टाकला. परदेशातून पेट्यांमध्ये सुटे भाग यायचे, इथं जोडले जायचे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी चाळीसच्या दशकात प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याला क्रायस्लरच्या मदतीनं गाड्या, त्यात डॉज आणि फार्गो ट्रकही, तयार होऊ लागले. मग १९५३ मध्ये सरकारनं ठरवलं की नुसती जोडणी चालणार नाही. ज्यांचा भाग इथंच बनवायचा कार्यक्रम आहे त्यांनी राहावं, बाकीच्यांनी गाशा गुंडाळावा. जनरल मोटर्स १९५४ ला गेली.

त्याच वर्षी टाटांची टेल्को ट्रकमध्ये उतरली. मूळची ही जमशेदपूरची, रेल्वेची इंजिनं बनवणारी कंपनी. डेमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार झाला, १९६९ ला संपला, आणि पुढच्या जाळीवरच्या तारेच्या जागी 'टी' आला. तिकडं चेन्नईत अशोक मोटर्सची १९५५ मध्ये अशोक लेलँड झाली. पुढची कित्येक दशकं जड ट्रक म्हणजे ही दोन नावं.

पिंपरी-चिंचवडबद्दल बोललो नाही तर आमच्या आळीत मला कुणी चहा देणार नाही. सुमंत मूळगावकर यांनी १९६६ च्या सुमाराला इथं काम सुरू केलं ते थेट ट्रकनं नव्हे. आधी साचे, यंत्रं आणि ती चालवणारी पोरं तयार करायची, ट्रक नंतर. माझ्या मते भोसरीतली निम्मी वर्कशॉपं या एका निर्णयाची नातवंडं आहेत. टाटा सुमो हे नाव कुस्तीवरून नाही, सुमंत मूळगावकर यांच्या आद्याक्षरांवरून आलंय हे तुम्हाला माहीत असेलच.

आणि 'टेम्पो'? आपण मराठीत कुठल्याही छोट्या मालगाडीला टेम्पो म्हणतो ना, तो एका जर्मन कंपनीचा ब्रँड होता. फिरोदियांनी १९५८ मध्ये तिच्याशी करार करून बजाज टेम्पो काढली. मॅटाडोरही त्यांचीच. ब्रँड गेला, शब्द आपल्या भाषेत कायमचा राहिला.

ऐंशीच्या दशकात सरकारनं हलक्या ट्रकसाठी जपानला दार उघडलं. डीसीएम टोयोटा, ऑल्विन निस्सान, स्वराज माझदा, आयशर मित्सुबिशी. चार कंपन्या जवळपास एकदमच. सगळ्यांना वाटलं टाटा गेले. १९८६ ला टाटांनी ४०७ आणली, आणि काही वर्षांत चारपैकी दोन नावं बाजारातून पुसली गेली. येन महागला, त्यामुळे जपानी सुटे भाग परवडेनात, हे एक कारण. दुसरं कागदावर नसलेलं: आपल्याकडे गाडीवर लिहिलेलं वजन कुणी पाळत नव्हतं. ४०७ दुप्पट माल सोसायची.

हा ओव्हरलोडचा मुद्दा नीट धरून ठेवा. काही राज्यांत तर ठरावीक रक्कम भरून जादा माल नेण्याचं 'गोल्ड कार्ड' मिळायचं. नोव्हेंबर २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे बंद करा म्हणून सांगितलं. मग काय झालं? जो माल एका ट्रकवर कोंबला जायचा तो दोनवर न्यावा लागला. नव्या ट्रकची मागणी वाढली. म्हणजे २००५ मध्ये मर्यादा पाळायला लावली तर बाजार फुगला, २०१८ मध्ये मर्यादा वाढवली तर बसला. मला या सगळ्या इतिहासातलं हे सगळ्यात बोलकं वाटतं.

त्याच २००५ च्या मे महिन्यात टाटा एस आली, आपला छोटा हाथी. चार वर्षांपूर्वी, २०००-०१ ला, कंपनीला सुमारे ५०० कोटींचा तोटा झाला होता, कारण तेच, ट्रकचा बाजार पडला होता. फक्त मोठ्या ट्रकवर जगणं धोक्याचं आहे हे तेव्हा कळलं. गिरीश वाघ यांच्या टीमनं पुण्यात ही गाडी केली: दोन सिलिंडर, ७०२ सीसी, किंमत सव्वादोन लाखांच्या आसपास. तीनचाकी चालवणाऱ्याला चौथं चाक आणि थोडी इज्जत. बाजारात भाजी, सिलिंडर, लग्नाचं सामान, गणपती, सगळं त्यावर.

यानंतरही कागदाचे धक्के थांबले नाहीत. २९ मार्च २०१७ ला न्यायालयानं सांगितलं, १ एप्रिलपासून बीएस-३ गाडी विकायची नाही. तीन दिवस हातात, आणि कंपन्या-डीलरांकडे सुमारे ९६,७०० व्यावसायिक वाहनं पडून. तीन वर्षांनी, १ एप्रिल २०२० ला, बीएस-६ आलं. मधला बीएस-५ चा टप्पा गाळून. ट्रक महागले, त्याच महिन्यात देश बंद होता.

हे सगळं वाचून 'नियमच नकोत' असं कुणी म्हणू नये. बीएस-६ हवंच होतं, माझ्या आजोबांना दमा होता. ओव्हरलोडवर बंदी तर हवीच. माझा आक्षेप इतकाच की नियमाचा धक्का कोणावर येणार याचा हिशेब कधी मांडला जात नाही. आम्ही एखादा बदल लाइव्ह करायच्या आधी तो पहिल्यांदा पाच टक्के युजरना देतो. देशाच्या ट्रकना असं करता येत नाही, मान्य. पण तारखा आधी जाहीर करून एकेक टप्पा देता येतो. आणि कंपनी मोठी असते, तिचा एक वर्षाचा तोटा पुढच्या तेजीत भरून निघतो. देशातले बहुतेक ट्रक मात्र एक-दोन-चार गाड्यांच्या मालकांकडे आहेत. २०१८ च्या उन्हाळ्यात हप्त्यावर नवा २५ टनी ट्रक घेतलेल्या माणसाचा विचार करा. सहा महिन्यांत शेजाऱ्याच्या त्याच पैशांच्या गाडीत साडेतीन टन जास्त जातात, भाडं पडतं, हप्ता तोच.

बाजार नंतर वर आला. २०२२-२३ मध्ये ९.६२ लाख, २०२४-२५ मध्ये ९.५७ लाख. म्हणजे सहा वर्षांनंतरही २०१८-१९ चा आकडा गाठलेला नव्हता. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रकवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. टाटांनी ट्रकचा धंदा कारपासून वेगळा केला आणि इटलीची इवेको घ्यायचा करार जाहीर केला. जी कंपनी एकेकाळी जर्मन तारा लावून ट्रक बनवायची, ती आता युरोपातला ट्रक कारखाना विकत घेतेय.

आणि शेवटचा नियम, जो मला मनापासून आवडला. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर तुम्ही पाहिलं असेल: केबिन नसलेली उघडी चासी, पुढं नुसतं स्टीअरिंग, आणि तोंडाला फडकं, डोळ्यांवर गॉगल लावलेला ड्रायव्हर. कारखान्यातून बॉडी बांधणाऱ्याकडे ती गाडी तो ऊन-पावसात तशीच न्यायचा. व्होल्वोनं १९९८ पासून इथं एसी केबिनचे ट्रक विकले, पण बाकीच्यांचं म्हणणं होतं, गिऱ्हाईक पैसे देत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. गिऱ्हाईक म्हणजे मालक. एसी लागत होता ड्रायव्हरला.

पुढचा भाग एसटीचा, १ जून १९४८, पुणे ते नगर. तुमच्या घरात कुणी ट्रक चालवत असेल किंवा एमआयडीसीत गाड्यांचे भाग बनवत असेल, तर २०१९ मध्ये काय झालं होतं ते मला नक्की पाठवा. मामाला पण ऐकवायचंय.