कडेची लोंबी

पाहणीवाला नेमकं आपलंच दार का वाजवतो, याचं मूळ शोधायला निघालं की पाय थेट भातखाचरात जातात.

नमुना निवडून पाहणी करण्याची ग्रंथांतली वंशावळ ठाऊक असते: १८९५ ला नॉर्वेचे किएर, १९३४ ला नेमन, १९५० ला महालनोबिसांची राष्ट्रीय नमुना पाहणी. पण १९२३ ते २५ या काळात जॉन हबॅक नावाचा आयसीएस अधिकारी बिहार-ओरिसात उताऱ्याच्या अंदाजासाठी उभ्या भातावर त्रिकोणी चौकट टाकून पीक कापून घेत होता. चौकटीत एकराचा ३२०० वा भाग मावे, जेमतेम साडेतेरा चौरस फूट. आपल्या पद्धतींवर या कापणीचा मोठा प्रभाव पडल्याचं खुद्द संख्याशास्त्रज्ञ फिशरनी कबूल केलंय.

कुणी म्हणेल, इंग्लंडच्या बौलींनी १९१२ मध्येच रेडिंगमध्ये कामगारांची घरं विसातलं एक या हिशेबाने निवडली होती. खरंय. पण बौली शहरात होते, हाताशी घरांची यादी होती. खाचरात यादी कुठली? वाडीवस्तीवरही नसते. म्हणून आपल्याकडची घरनिवड शेतातूनच आली, असं मी म्हणणार.

शिवाय शेतातलं दुखणंही सोबत आलं. महालनोबिस छोट्या वर्तुळात कापणी करत. साताऱ्याकडच्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे १९४६ मध्ये ‘नेचर’मधून त्यांच्यावर तुटून पडले. वर्तुळाच्या कडेवर आलेलं रोप आत धरायचं की बाहेर? कापणाऱ्याचा हात ते आतच ओढतो. तुकडा जितका लहान, तितकी त्याच्या मानाने कड जास्त, आणि उतारा फुगलेला. महालनोबिसांचं उत्तर: माणसं तयार असली की असं होत नाही, शिवाय छोटी कापणी झटपट उरकते. मी सुखात्म्यांच्या बाजूचा.

आता लसीकरणाच्या पाहण्यांची जुनी रीत बघा. ३० गावं-वस्त्या, प्रत्येकी ७ मुलं. गावाच्या मध्यावर पेन फिरवायचं, टोक दाखवील त्या दिशेला चालत जाऊन पहिलं घर ठरवायचं, मग शेजारचं, मग त्याच्या शेजारचं. मधल्या घरांना झुकतं माप मिळतं. ओढ्यापलीकडची वस्ती ‘ती त्या गावात येते’ म्हणून सुटते. रोप आत ओढणारा हात घर मात्र बाहेर ढकलतो, कारण रोपाने उतारा वाढतो आणि घराने पायपीट.

पेनाची बाजू घेणारे आजही झटपट कामाचंच कारण देतात. गंमत अशी, की महालनोबिसांच्या स्वतःच्या पाहणीत घरांच्या बाबतीत हा झटपटपणा चालला नाही: निवडलेल्या गावात आधी घरयादी, मगच त्यातून घरं.